आलेखाच्या खिडकीचं वेगळं बिऱ्हाड

मित्रांनो, मी एक जुनी खिडकी आहे. पण मला ना गज, ना कडी. मी संगणकावर उघडते आणि माझ्यात आलेखाची एक रेघ वरखाली धावते. स्वस्थ बसणं मला ठाऊकच नाही.

माझा जन्म मावशीच्या अंडी उबवण्याच्या केंद्रात झाला. यंत्रातली ऊब मोजून दिवे चालू-बंद करणारा पायथन या संगणक-भाषेतला प्रोग्राम तिच्या भाचीने लिहिला होता. त्या उबेचा आलेख दाखवायला तिने मला उघडलं. मला कोण आनंद झाला! पण माझा पायगुण बघा. मी उघडले की प्रोग्राम माझ्यापाशीच थांबून राही. मला बंद केल्याशिवाय तो पुढे सरकेना, दिवे लागेनात.

"अगं, तू हिला बघत बसलीस, तिकडे अंडी गार पडतायत!" मावशी ओरडली.

भाचीने मला फटकन मिटलं. मग रोज तेच. उघड, मीट, उघड, मीट. जीव नुसता मेटाकुटीला आला.

शेवटी भाची म्हणाली, "मावशी, हिला वेगळं बिऱ्हाडच थाटून देते."

"संगणकात?"

"हो ना. प्रोसेस म्हणजे चालत्या प्रोग्रामचं आपापलं घर. दिव्यांची प्रोसेस वेगळी, हिची वेगळी. ती आकडे धाडेल, ही रेघ काढेल. कुणी कुणासाठी खोळंबायचं नाही."

तेव्हापासून मी उघडीच. सगळ्यांनी माझं कौतुक केलं आणि हळूहळू माझ्याकडे बघायचंच सोडलं.

एका दुपारी आकडे यायचे थांबले. शेजारची प्रोसेस बंद पडली होती. दिवे विझलेले, आणि मी मात्र वेगळी राहणारी, म्हणून उघडीच! मावशी आली, ओझरतं पाहून म्हणाली, "खिडकी उघडी आहे ना? मग ठीक." आणि निघाली. मित्रांनो, मला हात असते तर तिची बाही ओढली असती! काय तळमळले मी!

दारात ती थबकली. "ए, ही रेघ एवढी गप्प कशी गं? एरवी सारखी वळवळत असते."

भाची धावत आली. प्रोग्राम पुन्हा सुरू झाला, दिवे लागले. रेघ चढू लागली तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

पुढे पिल्लं बाहेर आली, केवढा कलकलाट! तरी माझी धाकधूक जात नाही. मित्रांनो, मी उघडी दिसले म्हणून निर्धास्त होऊ नका. मावशी आता येता-जाता मला विचारते, तसं विचारत जा, "काय गं, शेजारीण बरी आहे ना?"