खाचेतला पांढरा ठिपका

हे मी सांगायचे नाही, असे ठरलेले आहे. नारळावर हात ठेवून सगळ्यांनी शपथ घेतली, तेव्हा मी त्याच माजघरात खुंटीवर होते. मला हात नाही म्हणून मला कुणी शपथ घातली नाही, एवढेच. तरी इतकी वर्षे मी गप्प राहिले. पण उद्या पुन्हा पारध आहे, म्हणून आज बोलते.

मी माशी आहे. भाताच्या पातेल्यावर बसते ती नव्हे. रायफलीच्या नळीच्या टोकावर लोखंडाचा एक बारीक उंचवटा असतो, मसुरीच्या दाण्याएवढा. शिकारी लोक त्याला माशी म्हणतात. नेम धरताना डोळ्याजवळची खाच, टोकावरची मी आणि समोरचे सावज, तिन्ही एका ओळीत यावी लागतात. कुणी एक जरा सरकले की गोळी भलतीकडे जाते.

माझा जन्म विलायतेतल्या एका कारखान्यात झाला. एका माणसाने मला कानशीने घासले, नळीच्या खोबणीत ठोकून बसवले आणि माझ्यावरचा लोखंडाचा कीस फुंकरीने उडवला. त्यानंतर इतक्या हळुवारपणे मला कुणी वागवल्याचे आठवत नाही. एका साहेबाबरोबर मी बेळगावला आले. साहेब मायदेशी गेला आणि रायफल दाजींच्या घरी आली.

दाजींचे गाव कुणकेश्वर आणि जामसंडे यांच्या मधल्या सड्याखाली आहे. खाली समुद्र, वर कातळ, मधे करवंदीच्या जाळ्या. त्या जाळ्यांत रानडुकरे असतात. पेरलेली नाचणी आणि कणगीचे कंद ती एका फेरीत उकरून टाकतात. म्हणून सरकारने गावाला एक परवाना दिला, आणि तो दाजींच्या नावावर होता.

शिमगा झाला की गावात देवाची पारध होते. घरटी एक माणूस हाक्याला, म्हणजे डुकरे उठवायला, जातो. डबे वाजवत, ओरडत सगळे सड्यावरून खाली उतरतात आणि घळीच्या तोंडाशी बंदूकवाला बसतो. पहिल्या गोळीचा मान दाजींच्या घराण्याचा. तो मान त्यांना आजोबांकडून आला होता. दाजी तो माझ्यावरून सांभाळत. डुकराच्या कानामागे मला टेकवत आणि हळूच म्हणत, "रव गो, रव," आणि मी थांबले की गोळी सोडत. लोक दाजींची वाहवा करत. माझे नाव कुणी काढत नसे. त्याचे मला तेव्हा वाईट वाटत नव्हते.

मग दाजींचे डोळे बिघडले.

लांबचे त्यांना दिसे. समुद्रातल्या होडीवर माणसे किती ते सांगत. पण हातभर अंतरावरचे धूसर झाले. तांदळातले खडे त्यांच्या बायकोला, रुक्मिणीकाकींना, निवडावे लागू लागले. मी तर हातभरच लांब. मला शोधताना दाजींचा डोळा पाणावे, आणि ते घाम पुसल्यासारखे करत. शेवटी एक दिवस त्यांनी नातीला, आनंदीला, परसात नेले आणि पानाच्या डब्यातला चुना माझ्या टोकाला लावायला सांगितला. आनंदी तेव्हा चौथीत होती. मुळातच कमी बोलणारी. तिने करंगळीच्या नखाने मला नीट रंगवले.

"दिसता?" तिने विचारले.

"दिसता. धुक्यात दिवो दिसता तशी. खंय बोलू नको हां."

ती खरोखरच कुठे बोलली नाही. तेव्हापासून दाजींचा नेम म्हणजे खाचेत पांढरा ठिपका शोधणे. ठिपका दिसला की बोट दाबायचे.

नवे पैसे सुरू झाले त्याच्या पुढच्या वर्षी दाजींचा मुलगा हरिश्चंद्र शिमग्याला मुंबईहून बोटीने आला. तो गोदीत कामाला होता. त्याने जहाजावरच्या एका खलाशाकडून रायफलीवर बसवायची दुर्बीण आणली होती. दाजींनी ती डोळ्याला लावून समोरच्या माडाकडे पाहिले आणि किती तरी वेळ ती खाली घेतलीच नाही. दुर्बिणीत काळी फुली आणि नारळ एकाच जागी दिसतात. डोळ्याला तीन ठिकाणी धावावे लागत नाही. त्या दिवशी दाजींचा चेहरा मी पाहिला. माझ्याकडे बघताना तो तसा कधी खुलला नव्हता.

मी आपलीच बाजू घेते असे कुणाला वाटू नये. दाजींच्या डोळ्यांना दुर्बीणच हवी होती. तिच्यातही खोट होतीच. डुक्कर जवळून धावत आले तर तिच्यात नुसते केस दिसतात, आणि आजूबाजूला कोण आहे ते दिसत नाही. दाजी हे सगळे जाणून होते. दोन दिवस त्यांनी दुर्बीण पेटीतून काढली आणि ठेवली, काढली आणि ठेवली.

पण निवड डोळ्यांवर झाली नाही, मानावर झाली. दाजींचे भावबंद शंकर अंगणात पान खायला आले, त्यांनी दुर्बीण पाहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "ह्या नळकांड्यातसून मारूचा आसात तर दाजी कित्याक व्हयो? आमची हौसाबाय पण चुलीकडे बसान डुकर मारीत." सगळे हसले. हौसाबाई ही त्यांची म्हातारी आई, तीही हसली. मग शंकर हसू आवरून म्हणाले, "देवाच्या पारधीक आपलो डोळो व्हयो. डोळो गेलो आसात तर तसा सांगा. मान आमच्या घरात येयत."

पारधीआधी देवळात कौल लावला. देवाच्या अंगावर पाकळ्या चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. दुर्बीण चालेल का, असे विचारले. डावी पडली. दाजींचा डोळा चांगला आहे का, हे देवाला कुणी विचारलेच नाही. दाजी तिथेच हात जोडून उभे होते. 

पारधीच्या सकाळी रायफल देवासमोर ठेवली. हत्याराची पूजा केल्याशिवाय रानात जायचे नाही, अशी रीत आहे. देवळाचे मानकरी असलेल्या गावकरांनी नारळ फोडून त्याचे पाणी नळीवरून ओतले आणि माझ्यावर कुंकवाचे बोट टेकवले. आनंदीने आदल्या दिवशी लावलेला चुना धुऊन गेला. तिने तो जाताना पाहिला. ती बायकांच्या रांगेत मागे उभी होती. दोनदा तिचे ओठ हलले. पण इतक्या पुरुषांमधून पुढे येऊन ती काय सांगणार? आजोबांना दिसत नाही, असे? पारधीला बायकांनी जायचे नसते. आम्ही निघालो. मी लाल होते, ओली होते, आणि दाजींच्या डोळ्यांना मी आता मुळीच दिसत नव्हते.

घळीच्या तोंडाशी दाजी बसले. वरून डबे वाजू लागले. करवंदीच्या जाळीत काहीतरी काळे हलले. दाजींनी रायफल खांद्याला लावली आणि खाचेत मला शोधू लागले. मी तिथेच होते. तेवढ्यात जाळीच्या वरच्या अंगाला लवू आला. लवू आमच्याच गावचा, हाक्यातला. त्याच्या डोक्यावर पांढरी टोपी होती. ती लांब होती, म्हणून दाजींना लख्ख दिसली. खाचेत एक पांढरा ठिपका आला.

दाजींचा चेहरा सैलावला. ते हळूच पुटपुटले, "आज कशी बरी दिसलंस गो."

ते माझ्याशी बोलत होते. पाहत होते लवूच्या टोपीकडे.

मी टोपीच्या थोडी खाली होते, म्हणून लवूचे डोके वाचले. गोळी त्याच्या डाव्या कोपरात गेली. माझ्या हातून झालेली एकच बरी गोष्ट ती, आणि तीही चुकून.

लवूला झोळीत घालून खाली आणले. मग देवळामागे सगळे बसले. पोलिसांना कळले तर परवाना जाणार. परवाना गेला तर डुकरे सगळ्यांचेच शेत खाणार, लवूचेसुद्धा. देवाच्या पारधीत माणसाचे रक्त पडले हे बाहेर गेले तर पारधच बंद होणार. थोड्या वेळाने असे ठरले की लवूला डुकराने फाडले. कुणी जबरदस्ती केली नाही. सगळे एकेक करून माना हलवत गेले. त्याच दिवशी आमच्या माजघरात नारळ ठेवला गेला. लवूने उजवा हात ठेवला. आनंदीलाही ठेवायला लावला.

गोळी कशी चुकली, हे दाजींना विचारणारे शंकरच होते. दाजी खाली बघत म्हणाले, "माशी हलली."

शंकरनी पुढे येऊन मला अंगठ्याने दाबले. मी तसूभरही हलले नाही. विलायतेतल्या त्या माणसाने ठोकले होते तशीच मी घट्ट होते. शंकरना ते अंगठ्याखाली कळलेच असणार. पण दुर्बिणीवरून टोमणे कुणी मारले, हे त्यांनाही आठवत होते. ते म्हणाले, "व्हय, हालता."

अशी मी दोषी ठरले. लोखंडावर आळ घेतला की बोलायला कुणी येत नाही.

लवूला मोठ्या दवाखान्यात लगेच नेले नाही. गावातच पाला बांधला. हात सुजला, काळा पडला, वास यायला लागला, तेव्हा नेले. तोवर गोळीची खूण राहिली नव्हती. हातही राहिला नाही.

त्याआधी एकदा लवूची बायको पार्वती आमच्या घरापुढच्या खळ्यात आली होती. रुक्मिणीकाकींनी गूळपाणी पुढे केले. तिने तांब्याला हात लावला नाही.

"दाजीनू," ती म्हणाली, "माझ्या घोवाच्या हाताक एका बाजून बारीक भोक आसा आणि दुसऱ्या बाजून मोठा. ह्यो खयचो डुकर, जो आत गेलो आणि भायर इलो?"

दाजी सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला. ती जराशी उभी राहिली. मग पदर खोचून निघून गेली. पुढे तिनेही नारळावर हात ठेवला. तिचीही नाचणी होतीच.

पुढच्या वर्षी पुन्हा कौल लावला. या वेळी पाकळी उजवी पडली. देवाचे मत बदलले की पाकळी ओली होती, ते मला ठाऊक नाही. हरिश्चंद्रने खिळा आणि हातोडी घेऊन मला खोबणीतून ठोकून काढले आणि खळ्यात टाकले. डोळ्याजवळची खाचही काढली. त्या जागी दुर्बीण बसली.

आनंदीने मला शेणातून वेचले. तेव्हापासून मी तिच्या कंपासपेटीत आहे, खोडरबराशेजारी. तिच्याबरोबर मी जामसंड्याच्या शाळेत जाते. तिथे मुली फाटक्या छत्रीचे आणि वाळलेल्या झाडाचे मनोगत लिहितात आणि गुरुजी त्यांना शाबासकी देतात. माझे मनोगत कुणी लिहायला सांगत नाही. कधी कधी आनंदी पेटी उघडते आणि मला नखाने घासते, चुना निघाला की नाही ते पाहावे तशी. तो केव्हाच निघाला आहे. तिला सांगायची सोय नाही.

लवू आता डुकराची गोष्ट छान सांगतो. जत्रेत पोरे त्याला घेरतात. सुळे केवढे होते, ते तो उजव्या हाताने दाखवतो. पहिल्यांदा सांगताना तो मधेच अडखळत असे. आता अडखळत नाही.

यंदा गोवा सुटला त्या आनंदात पारध मोठी करायची असे गावाने ठरवले. परवा दाजींनी दुर्बीण काढली, तर काचेच्या आत बुरशीची जाळी धरलेली. खारा वारा तिला मानवला नाही. पुसायला बाहेरून जागा नाही. हरिश्चंद्र म्हणाला, ह्या वर्षी शंकरकाकांना बसू द्या. दाजी जेवणावरून उठले. आता त्यांना आनंदीचा चेहराही जवळून नीट दिसत नाही, तिच्या आवाजाकडे बघून बोलतात. पण मान सोडायचा नाही. काल त्यांनी रायफलीच्या पेटीतून जुनी खाच शोधून काढली आणि नळीवर बसवूनही घेतली.

मला फार काही नको. मला पुन्हा बसवा, चुना लावा, नारळाच्या पाण्याने धुवा, माझा दोष म्हणा. ते मला सवयीचे झाले आहे. फक्त हे ऐकणाऱ्या कुणीतरी उद्या सकाळच्या आत लवूच्या घरी जावे. घरटी एक माणूस, म्हणून तोही हाक्याला येणार आहे. डबा दोरीने गळ्यात बांधून एका हाताने वाजवणार आहे. त्याला एवढेच सांगावे, की

"आनंदी! ती माशी तुझ्याकडेच आसा मा? हाड गो हंय."

दाजी मला मागत आहेत. पेटीचे झाकण उघडले. तिची बोटे माझ्यावर आली आहेत. ती जरा थांबली आहे. लवूला सांगा, त्याने उद्या डोक्यावर ती पांढरी