लाइटीतला माणूस

विज्ञान माणसाला अंधारातून प्रकाशाकडे नेते. आमच्या वस्तीला ते नेऊ शकले नाही, आणि ते काम ज्याच्यावर सोपवले होते तो माणूस मी.

चूक पत्रातली. पीएच.डी. करून मी अमेरिकेत पुढच्या संशोधनाला गेलो, तेव्हा बाला समजावे म्हणून लिहिले, 'मी इथं लाइटवर काम करतो.' आमच्याकडे लाइट म्हणजे वीज. माणूस जसा पोलिसात असतो, तसा लाइटीत असतो. आणि लाइटीतला माणूस खांब आणतो. गावात खांब होते. आमच्या बौद्धवस्तीच्या तोंडाशी येऊन थांबले होते. बाने पत्र विहारात एकाकडून वाचून घेतले आणि पोरगा आला की खांब येतील, असा शब्द देऊन टाकला.

सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात मी जऊळक्याच्या स्टेशनवर उतरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी विहारात सगळी वस्ती जमली. रंगूबाईने तर घरात आढ्याला बल्ब टांगून ठेवला होता, नुसताच.

"देवमन, खांब कधी येतीन?" धनीबाईने विचारले. ती माझी आत्या.

"आत्या, माहं काम दुसरं हाय. मी उजेडाचा बारीक तुकडा पाडतो. सेकंदाचा लाख कोटीवा भाग, एवढाच. तो रंगाच्या पाण्यावर टाकतो, अन् पाहतो का रंग किती वेळात थंडा होते."

"म्हंजे तुही लाइट डोळा लवायच्या आत जाते?"

"त्याच्याही आंधी."

"मंग आमची चिमनी बरी. रातभर तं जयते."

सगळे हसले. बा हसला नाही. "तो मोठ्या गोठी सांगून राह्यला," तो म्हणाला. "खांबाचं तो पाह्यते." माझ्याकडे मात्र त्याने पाहिले नाही.

तिथे मी खरे बोलायला हवे होते. एक वाक्य पुरले असते. मी म्हणालो, "पाहतो."

आठव्या दिवशी मी परत गेलो. विजेच्या ऑफिसची पायरीही चढलो नाही. पुढे बा पत्रात खांबांचे विचारी आणि मी लिही, 'काम चालू आहे.' ते खरेच चालू होते, रंगाच्या पाण्यावर.

एकोणऐंशीत बाचे पत्र आले, नेहमीसारखे कोणाकडून तरी लिहवून घेतलेले: 'खांब आले. तुहंच काम, असं सर्वायले सांगतलं.'

खरे तर वस्तीतल्या बायका दोनदा विजेच्या ऑफिसात जाऊन ठाण मांडून बसल्या होत्या.