मेव्हण्यासाठी

“मी माझ्या मेव्हण्यासाठी आलोय,” किल्लीवाल्याने सांगितले आणि दाराजवळची खुर्ची धरली, म्हणजे वेळ आलीच तर काढता पाय घेता यावा.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर रविवारी सकाळी सात-आठ माणसे जमत. सगळ्यांनाच जुगाराने धुऊन काढले होते. निवृत्त झालेल्या एक नर्सबाई ही बैठक चालवीत; सगळे त्यांना सिस्टर म्हणत. त्यांनी मेव्हण्याची चौकशी केली, तशी किल्लीवाल्याची जीभ सैल सुटली. दुसऱ्याची लाज चव्हाट्यावर मांडायला आपले काय जाते? मेव्हणा मोबाइलवर पत्ते खेळतो, म्हणाला. बायकोने दागिने कपाटात ठेवले, त्याने कपाट उघडले. तिने कुलूप बदलले, त्याने तेही उघडले. साधा ओरखडा उठला नाही, हे सांगताना त्याला जरा अभिमानच वाटला आणि लगेच स्वतःची किळस आली. शेवटी तिने घराच्या दारालाच नवे कुलूप बसवून घेतले, तेही दुसऱ्या कारागिराकडून. ती आणि मुलगी आत, मेव्हणा तीन महिने झाले दुकानात झोपतो.

“मग हे कुलूप तो का उघडत नाही?” सिस्टरनी विचारले.

“हलकंच आहे हो. नाक शिंकरायच्या आत उघडेल. पण ते तिनं उघडायला हवंय मला.”

बोलून गेल्यावर त्याला कळले. कोणी हसले नाही. समोरच्या शिंप्याने तेवढी मान खाली घातली. किल्लीवाल्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. दार हाताशी होते, पण पाय उचलेनात.

“मला बहीण नाही, सिस्टर, आणि बायको एकुलती एक,” तो म्हणाला. “मेव्हणा येणार कुठून? मीच आहे तो.”

“मी दोन महिने शेजाऱ्यासाठी येत होतो,” शिंपी म्हणाला आणि त्याने आपली खुर्ची जवळ ओढली.

दुपारी किल्लीवाला घरी गेला. दार वाजवले. आतून पाऊल घासत चालल्याचा आवाज आला. ती डावा पाय किंचित ओढत चालायची. त्या आवाजासाठी आपण किती आसुसलो होतो, हे त्याला तिथे उभे राहिल्यावर समजले. बंद दाराशी तोंड नेऊन त्याने बैठकीचे सांगितले, पुढच्या रविवारीही जाणार असल्याचे सांगितले.

“कपाटाचं सांगितलंत?” आतून तिने विचारले.

“सांगितलं. आधी दुसऱ्याच्या नावावर, मग माझ्या.”



“आज नाही उघडणार मी.”

“नको उघडूस. बसतो थोडा वेळ.”

तो पायरीवर दाराला टेकून बसला. तिचे पाऊल परत आत जाईल म्हणून कान देऊन राहिला, पण ते गेले नाही. थोड्या वेळाने दाराची फळी त्याच्या पाठीला हलकेच रेटली गेली. पलीकडून तीही टेकून बसली होती. तो पाठ न हलवता बसून राहिला.