चुकवलेलं इंजेक्शन

छापखान्यातले एक मशीनमन रोज सकाळी पोटभर पाणी पिऊन रेडिएशनच्या टेबलावर झोपत आणि दुपारी कामावर येत. प्रोस्टेटचा कॅन्सर! शिवाय दर तीन महिन्यांनी हार्मोनचं इंजेक्शन. त्यानं अंगातून वाफा निघाल्यासारखं होई, शर्ट घामानं चिंब भिजे, छाती हुळहुळे.

बाइंडरला हे कळलं मात्र! "काय वहिनी, आज फार उकडतंय का?" असं तो सगळ्यांदेखत विचारी. सगळे खो खो हसत. मालकसुद्धा प्रुफाआड तोंड लपवत.

एके दुपारी हॉस्पिटलातून नर्सचा घरी फोन आला. "काकू, दुसरं इंजेक्शन बाहेर घेतलं म्हणाले काका. पण चिठ्ठी दाखवत नाहीत. घेतलंय ना?"

मशीनमन घरी येताच बायकोनं दारातच गाठलं. "खोटं बोललात?"

"रेडिएशन घेतोय ना! त्या सुईनं पार बाई करून टाकलंय मला. तो बाइंडर सगळ्यांदेखत वहिनी म्हणतो, लोक हसतात."

"तो बाइंडर तुमचा डॉक्टर आहे का? डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलंय, हा रोग पुरुषी हार्मोनवर पोसतो. इंजेक्शन त्याचं खाणं तोडतं, रेडिएशन त्याला जाळतं. तुम्हाला दोन्ही हवीत! आणि बाई होणं ही काय शिवी आहे? माझी पाळी गेली, तेव्हा दोन वर्षं मी अशीच भिजत होते. तुम्ही पंखा बंद कर म्हणून ओरडायचात! मेले का मी लाजेनं?"

मशीनमन खाली बसले. म्हणाले, "तुला तेव्हा असं व्हायचं?"

दुसऱ्या सकाळी त्यांनी इंजेक्शन घेतलं. दुपारी बाइंडरनं तोंड उघडलं, "काय वहिनी..." मशीनमननी खटकन मशीन बंद केलं.

"हो, येतो मला घाम! कॅन्सर आहे मला. तुझ्या हसण्याला भिऊन मी औषध चुकवलं. मेलो असतो, तर हळहळायला पहिला तूच आला असतास!"

कुणी हसलं नाही. बाइंडरची मान खाली गेली. "दादा, माझ्या थट्टेपायी तुम्ही औषध चुकवाल, हे मला खरंच कळलं नाही हो," तो पुटपुटला.

"मीही हसलो होतो," मालक म्हणाले. "चुकलं माझं."

वाचकहो, औषधाचा त्रास झाला तर तो डॉक्टरांना सांगा, परस्पर औषध सोडू नका. आणि शेजारचा माणूस कॅन्सरशी झुंजत असताना त्याच्यावर खिदळू नका. बाईपणाची थट्टा करून पुरुषांचाच जीव घेणारा हा कसला मर्दपणा!