गल्लीने रोखून धरलेला मंगळवार

शिलाईमावशींच्या घरावर खोली चढली, गिलावा झाला, रंग झाला, पडदे तर भिंतींच्या आधीच शिवून तयार होते. आणि मग कळलं, की गटारात जागा नाही.

लेकीला सहावा महिना लागला होता. तिच्या घरमालकाला त्याची खोली रिकामी करून हवी होती. मावशींनी छातीठोकपणे सांगून टाकलं होतं, "बाळंतपणाच्या आधी तू वरच्या मजल्यावर. जावयांना घेऊन ये, कायमची." आता वर फक्त संडास बसवायचा राहिला होता. त्याच्या जोडणीसाठी मावशी पाणी-सांडपाणी कार्यालयात तीन नंबरच्या खिडकीपाशी उभ्या राहिल्या.

"लाइन भरलीय," कारकून म्हणाला. "सत्त्याण्णव टक्के. नव्वदच्या वर गेली की नवी जोडणी बंद."

"अहो, एकच तर संडास आहे."

"प्रत्येकाचा एकच असतो, बाई."

मावशी शिवण शिकल्या त्या कुठल्या क्लासात नव्हे. जुना ब्लाउज उसवायचा, कुठे काय जोडलंय ते बघायचं, की आलंच. नियमही त्यांनी तसाच उसवायला घेतला.

"हे सत्त्याण्णव तुम्ही मोजता कधी?"

"वर्षातून एकदा. तुमच्या गल्लीच्या टोकाला चेंबर आहे ना, त्यात मीटर सोडतात. येत्या मंगळवारी, सकाळी सहा ते नऊ."

"तीन तासांवर वर्षाचा हिशेब?"

"नियम आहे," कारकून म्हणाला. तीन नंबरला एवढं उत्तर पुरत असे.

रविवारी वरच्या कोऱ्या खोलीत गल्ली जमली. घरं बेचाळीस, आणि निम्म्यांचे अर्ज त्याच खिडकीत अडकलेले. कुणाला खोली वाढवायची होती, कुणाला भाडेकरू ठेवायचा होता.

"मंगळवारी सहा ते नऊ अंघोळ नाही, भांडी नाहीत, धुणं नाही," मावशी म्हणाल्या. "आणि तेही नाही."

"ते म्हणजे?" निवृत्त हेडमास्तरांनी विचारलं.

"तेच ते, मास्तर."

"तीन तास?"

"तुम्ही नाही का पोरांना तीन-तीन तास पेपरला बसवायचात? कोणी हात वर केला की काय म्हणायचात, आठवा."

मास्तरांनी अर्धा वर गेलेला हात खाली घेतला.

मंगळवारी गल्ली अशी शांत, की मीटरवाल्याने दोनदा विचारलं, कोणी गेलंय का म्हणून. मावशींचे यजमान ओसरीवर येरझाऱ्या घालत होते.

"अगं, किती वाजले?"

"सात वीस."

"मघाशीही सात वीसच होते."

"मघाशी सात एकोणीस होते. बसा खाली."

"बसवत नाही म्हणूनच तर चालतोय!"

नऊला मीटरवाला स्कूटरला किक मारून गेला. नऊ वाजून एक मिनिटाने चेंबरचं झाकण थरथरल्याचं पाहणारे आजही शपथेवर सांगतात.

आकडा आला अकरा टक्के. आठवड्यात जोडणीची परवानगी हातात. मावशींनी लेकीला फोन केला, "सामान बांधायला घे."

आणि पुढच्या सोमवारी नळ वीस मिनिटांत गेला. रोज दोन तास येणारा नळ. मंगळवारीही वीस मिनिटं, बुधवारीही. करायला गेलो एक आणि झालं भलतंच. मावशी रिकाम्या घागरीसारखं तोंड घेऊन कार्यालयात गेल्या. या वेळी चार नंबर, पाण्याची खिडकी.

"सांडपाणी येतं तेवढंच पाणी सोडायचं, असं धोरण आहे," तिथल्या मॅडम कौतुकाने म्हणाल्या. "तुमची गल्ली अकरा टक्के! एवढी काटकसरी वस्ती आम्ही पाहिली नव्हती. प्रशस्तिपत्र छापायला टाकलंय."

तेव्हा मावशींना आपली गिऱ्हाइकं आठवली. टेप लावला की पोट आत ओढून उभ्या राहणाऱ्या, आणि ब्लाउज घट्ट झाला की भांडायला येणाऱ्या. तीस वर्षं त्या सांगत आल्या होत्या, माप देताना श्वास सोडा गं बायांनो. आणि स्वतः अख्ख्या गल्लीला पोट आत ओढायला लावलं.

"मॅडम, ते माप खरं नाही. आम्ही धरून ठेवलं होतं."

"काय?"

मावशींनी सांगितलं. मॅडमनी पेन खाली ठेवलं. "लेखी द्या. सगळ्या घरांच्या सह्यांनिशी. पण मग तीन नंबर तुमची परवानगी रद्द करणार, बघा."

मावशी घरी आल्या, वरच्या खोलीत जाऊन बसल्या. खाली शेजारीण बादली घेऊन दारोदार फिरत होती, आणि तिने मावशींना एका शब्दाने बोल लावला नव्हता. लावला असता तर बरं झालं असतं. मावशींनी कागद ओढला: 'आम्ही खाली सही करणारे, मंगळवारी सकाळी सहा ते नऊ या वेळेत गेलो नाही.'

एकेचाळीस सह्या झाल्या. मास्तर अडले.

"मी खोटं लिहून देणार नाही."

"यात खोटं काय आहे?"

मास्तरांनी आवाज खाली आणला. "साडेसातला मी गेलो होतो."

"म्हणजे ते अकरा टक्के तुमचे!"

साडेसातचा अपवाद नोंदवून मास्तरांनी सही केली, आणि पाणी परत आलं. परवानगी गेली. तीन नंबरच्या कारकुनाने शिक्का मारला, आणि मान वर न करता म्हणाला, "जोडणी नाही, म्हणजे ती राहती खोली नाही. साठवणीची जागा म्हणून नोंद करू?"

"साठवणीत माणूस ठेवलं तर चालतं?"

"आम्ही फक्त संडास मोजतो, बाई. माणसं मोजायची खिडकी वेगळी."

मावशींनी लेकीला सगळं खरं सांगितलं. "वर सोय नाही गं. दर खेपेला खाली उतरावं लागेल, तेही अशा दिवसांत."

"इथे चार मजले उतरतेच आहे की," लेक म्हणाली. "येऊ ना?"

शनिवारी लेक, जावई आणि दोन ट्रंका अशी साठवण वर पोचली. त्याआधी मावशींनी गवंड्याला बोलावून जिना फोडून घेतला होता. उभ्या बारा पायऱ्यांच्या जागी बुटक्या अठरा, दोन्ही बाजूंना कठडा, आणि मध्ये टेकायला एक रुंद पायरी. पायरीची उंची किती असावी, हे विचारणारी खिडकी त्या कार्यालयात अजून उघडली नव्हती.