हिरड्यांतले किडे

अमडापूरच्या बाजारात त्या दिवशी खरी गर्दी होती ती धुरीवाल्या महाराजाच्या पालासमोर. दुखऱ्या दातांचा माणूस चादरीखाली वाकायचा. समोर पाण्याची परात, परातीत विटेवर तापलेला तवा, तव्यावर तेलात भिजवलेलं कसलंसं बी. धूर तोंडात घेतला की परातीत पांढरे किडे पडायचे. बाया तोंडाला पदर लावून बघायच्या आणि हात जोडायच्या.

सातव्या महिन्यातली जयमाला सासूबरोबर, झुंबरबाईबरोबर, पुन्हा आली होती. तिच्या हिरड्या सुजल्या होत्या, भाकर चावली की रक्त यायचं. मागचं बाळ दिवस भरायच्या आत जन्मलं आणि गेलं. मागच्या खेपेला महाराजाने एवढं ऐकलं नि लगेच धागा पकडला होता: "हेच किडे लेकराचं रक्त पिऊन राह्यले, माय. मागचंही यायनंच खाल्लं. बाळंतीण होईस्तोवर दाताले ब्रश लावू नको, किडे खवळतात."

सरकारी दवाखान्यातल्या दातांच्या डॉक्टर धम्मशीलाताई नेमकं उलटं सांगत होत्या. पण त्यांनी किडे कुठे काढून दाखवले होते? जयमालाने ब्रश सोडला. हिरड्या आणखी फुगल्या, जेवण पेजेवर आलं, वजन वाढेना. पोटावर हात ठेवून ती बाळाची माफी मागायची, आपल्याच तोंडाने एक लेकरू खाल्लं म्हणून. झुंबरबाईही तेच बोलून दाखवायची.

आज चादरीखाली धुराने तिला मळमळलं. तिने तोंड फिरवून पदरात घट्ट दाबलं आणि तशीच बघत राहिली. तव्यावर बी तडतडत होतं. परातीत किडे पडतच होते.

बाहेर महाराज सांगत होता, बघा, बाईच्या तोंडातून कसे भराभर निघून राह्यले.

जयमालाने चादर भिरकावली. झुंबरबाईने नुकतंच घेतलेलं मडकं ओढून तिने तव्यापाशी आडवं धरलं आणि महाराजाच्या पुडीतलं चिमूटभर बी तव्यावर टाकलं. मडक्याच्या तोंडासमोर, परातीतल्या पाण्यात, तसेच पांढरे किडे पडले.

मडकं बाटलेलं आहे, असं महाराज म्हणाला. झुंबरबाईने वाकून परातीत पाहिलं. मग हळूच म्हणाली, "या मडक्याले कितवा महिना हाये, महाराज?"

बाजार उठायच्या आत महाराजाचं पाल उठलं.

दवाखान्यात धम्मशीलाताईंनी परातीतून नेलेला एक किडा टाचणीने उलगडून दाखवला. तो भुईरिंगणीच्या, रानातल्या त्या काटेरी झुडपाच्या, बियातला वाकडा कोंब होता. बी तापून फुटलं की तो पाण्यात उडतो. गरोदरपणात हिरड्या हळव्या होतात, त्यात दातांवर घाण साचली की त्या सुजतात, रक्त येतं. मऊ ब्रशने रोज दोनदा घासायचं, दवाखान्यात दात साफ करून घ्यायचे. पोटात बाळ असतानाही ते चालतं.

"मंग मागचं लेकरू माह्यामुळं गेलं का?"

"ते काऊन गेलं, मलेही सांगता येत नाही. पण किड्यायनं नाही खाल्लं. तुह्या तोंडात किडे नव्हतेच, जयमाला."

जयमाला तिथेच ढसाढसा रडली. पण ब्रश न लावता, पेजेवर काढलेल्या दिवसांची धास्ती मनातून गेली नव्हतीच.

सकाळी तिने ब्रश फिरवला तर थुंकीत रक्त आलं. तिचा हात थांबला. पाण्याचा तांब्या घेऊन उभी असलेली झुंबरबाई म्हणाली, "घास, बाई. थांबू नको."

तेव्हा मायबापहो, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी एकदा आपलं तोंड बाजूला करून बघा. तरीही किडे पडत असतील, तर ते तुमचे नाहीत.