शनिवारची घंटी

विराज जिवंत होता तेव्हा मला रोज राग आणायचा. मेल्यावर त्याने त्याच्यावरही ताण केली. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आम्हा दोघांचा, आणि हा तो अर्धा टाकून दिवाळीच्या आधीच निघून गेला. हिर्डोशीच्या रस्त्याला, धरणाच्या कडेच्या एका वळणावर, गावातल्या गोरखच्या मोटारसायकलवरून. गोरखचा पाय मोडला. विराज जागच्या जागी गेला.

नसरापूरजवळच्या आमच्या कॉलेजात सर मला म्हणाले, मैथिली, तू एकटीनेच काहीतरी छोटंसं नवीन कर, परीक्षकांशी मी बोलतो. मी नाही म्हटलं. आमचा डबा आहे, तोच घेऊन येते, म्हटलं. सर बरं म्हणाले. त्या दिवसांत माझ्याशी कुणी वादच घालत नव्हतं, आणि त्याचाही मला राग यायचा.

डबा म्हणजे खरोखरच डबा. प्लास्टिकचा, विराजच्या आईने त्यातून कधीतरी चकल्या दिलेल्या. त्यात मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड, त्याला दोन वायरींनी जोडलेलं सिमकार्डवालं मोडेम, एक एवढासा पडदा आणि घंटी. रिपोर्टवर नाव भलं मोठं होतं, ग्रामीण भागासाठी संदेश-सूचना यंत्रणा वगैरे. खरं कारण इतकंच, की विराजच्या घरात खाली मोबाईलला रेंज येत नाही, माळ्यावर कौलांखाली येते. हा शनिवारी भोरला एसटीत बसला की नाही ते आईला कळायचं नाही. ती बिचारी अंदाजाने भात टाकायची आणि एसटी कुठेतरी बंद पडलेली असायची, नाहीतर हा दारात उभा आणि चूल गार. म्हणून याने डबा माळ्यावर ठेवला आणि घंटीची वायर खाली चुलीपाशी सोडली. भोरहून याने मेसेज केला की तो मोडेमला मिळायचा, मोडेम बोर्डला सांगायचं, बोर्ड घंटी वाजवायचा. मेसेज ठरलेला असायचा: ‘आई, भात टाक.’

मी खूप हसले होते. चार वर्षं इंजिनियरिंग शिकून शोध काय लावला, तर भाताचा. तो म्हणाला होता, "शेवटी पोटासाठीच शिकतोय ना?"

फेब्रुवारीत एका सकाळी लॅपटॉप, मीटर आणि थोड्या वायरी पिशवीत टाकून भोरहून एसटी धरली. दहाव्याला गेले होते तेव्हा नुसती बायकांमध्ये बसून परत आले होते. या वेळी मावशी, म्हणजे विराजची आई, अंगणात तांदूळ पाखडत बसल्या होत्या. विराजचे वडील शिरवळला कंपनीत, घरी त्या एकट्याच. मला पाहून उठल्या, पाणी दिलं, कोरा चहा ठेवला. डबा न्यायला आलेय म्हटल्यावर त्यांनी माळ्याकडे बघितलं.

"दिवा लुकलुकतोय त्याचा अजून," त्या म्हणाल्या. "म्या बंद केला न्हाई."

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्या शनिवारी घंटी वाजलीच नव्हती. एसटी चुकली तर भोरलाच मामाकडे राहायचं, अंधारात त्या रस्त्याने कुणाच्या गाडीवर बसायचं नाही, अशी त्यांनी त्याला शपथ घातली होती. अगदीच यावंसं वाटलं तर आधी विचारायचं. घंटी वाजली की त्या शिडीवरून माळ्यावर जाऊन फोन करणार, एवढं ठरलेलं.

"मरन कुनाला चुकलंय, बाय. पर मला न इचारता गाडीवर बसला, हे लई सलतंय. त्यानं कळवलंच न्हवतं, का कळवलं आन हितवर आलं न्हाई, एवढंच मला सांग. मंग ने तुजा डबा."

बघते, म्हटलं. तेवढ्यात त्यांनी विचारलं, त्यांच्या हातून तर काही बिघडलं नसेल ना. छे, तुमच्या हातून काय बिघडणार, असं मी तिथल्या तिथे सांगून टाकलं. मला अशी पटकन उत्तरं द्यायची खोड आहे.

डबा मी घंटीसकट खाली काढून ओसरीवर आणला. आत झेंडूचं एक वाळून काळं पडलेलं फूल होतं. ते पाहून मावशींचा चेहरा जरा उजळला. खंडेनवमीला विराज परीक्षेमुळे घरी नव्हता. त्यांनी कोयता, विळे, खुरपी सगळं मांडून पुजलं, आणि मग त्यांना वाटलं, पोराचं हत्यार तेवढं वर एकटंच राहिलं. म्हणून शिडीने चढून त्याचीही पूजा केली. मला त्यात काही नवल वाटलं नाही. आमच्या घरी बाबा स्कूटरला हार घालतात आणि आई मिक्सरलाही बोट लावते. कॉलेजच्या लॅबमध्ये आम्ही स्वतः दर वर्षी कॉम्प्युटरवर झेंडू ठेवतो. फक्त सर ओरडत असतात, कुंकू कोरडं लावा आणि वरून लावा.

मी केबल जोडून लॅपटॉप उघडला. बोर्ड केबलवरून काय बोलतोय ते एका खिडकीत दिसतं. पहिल्यांदा नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं आली. हे विराजचं काम. दोन्ही बाजूंनी एकाच वेगाने बोलावं लागतं, नाहीतर एकाचं दुसऱ्याला कळत नाही, आणि हा शहाणा मला न सांगता वेग बदलून ठेवायचा. भांडणं व्हायची आमची त्यावरून. मी एकेक वेग लावून पाहिला आणि अक्षरं जुळली. इंग्रजी अक्षरांत, पण बोली त्याचीच:

मोडेम झोपलंय. उठव.

थोड्या थोड्या वेळाने तेच वाक्य पुन्हा येत होतं. हे त्याने केव्हातरी मला हसवण्यासाठी लिहून ठेवलेलं, आणि मी हसले नव्हते. आता ते ओळीखाली ओळ येत राहिलं आणि मला रडू फुटलं. मावशी परसात होत्या म्हणून बरं.

मग डोळे पुसून कामाला लागले. मोडेमचा हिरवा दिवा चालू, म्हणजे वीज होती. अर्थिंगची वायर ठीक. एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाला, अशा दोन वायरी असतात. बोर्डच्या तोंडाकडून मोडेमच्या कानाला जाणारी ठीक होती. मोडेमच्या तोंडाकडून बोर्डच्या कानाला येणारी मीटरवर गप्प. म्हणजे मोडेम झोपलेलं नव्हतंच. ते बोलत होतं, बोर्डला ऐकू येत नव्हतं.

ती वायर ओढली तर नुसती वायर हातात आली, तिची पिन आतच मोडून राहिली होती. मी डबा उन्हात धरला. त्या खाचेभोवती लालसर पिवळा थर वाळून बसला होता, आणि थराखाली हिरवा गंज. फूल पाण्यात बुडवून शिंपडलं असणार, वरून ओलं हळदकुंकू वाहिलं असणार, जसं विळ्याकोयत्याला वाहतात तसंच. विळ्याला त्याने काही होत नाही. वीज चालू असलेल्या बारीक पिनेला ते हळूहळू खाऊन टाकतं.

मी मावशींकडे सुई मागितली. त्यांनी ती दोरा काढून दिली, आणि कशाला तेही विचारलं नाही. सुईने मोडका तुकडा उकरून काढला, गंज खरवडला, फुंकर मारून खाच साफ केली आणि नवीन वायर बसवली. त्याच वेळी डबा बंद करून पिशवीत टाकला असता तरी चाललं असतं. पण काम झालं की चालू करून बघायचं, ही हाताची सवय. मी बटण दाबलं.

त्याचा प्रोग्रॅम सुरू झाल्यावर आधी सिममधला शेवटचा मेसेज बघतो. ते मी विसरलेच होते. घंटी खणखणून वाजली.

परसातून मावशी धावत आल्या. हात साबणाने भरलेले, पदर खांद्यावरून सुटलेला. उंबऱ्यातच थबकल्या आणि म्हणाल्या, "काय म्हंतोय?"

म्हंतोय, म्हणाल्या. जणू तो भोरच्या स्टँडवर उभा होता.

पडद्यावर इंग्रजी अक्षरं सरकत होती. मावशींना मराठी वाचता येतं, इंग्रजी अक्षरं येत नाहीत. मी वाचलं. आई, एसटी गेली. गोरख गाडीवर आणतो म्हणतोय. येऊ का? नको असेल तर फोन कर. अर्धा तास थांबतो.

पोरगा थांबला होता. शपथ मोडली नव्हती त्याने, विचारलं होतं, अर्धा तास फोनकडे बघत उभा राहिला होता. फोन आला नाही, म्हणजे आईची हरकत नाही, असं समजून गाडीवर बसला. आणि मेसेज इथे येऊन, त्या कुंकवाच्या थराच्या अलीकडे, इतके महिने पडून होता.

सांगावं, की त्याने तुम्हाला विचारलं होतं? मग त्या विचारणारच, की मग घंटी का वाजली नाही. त्यांच्या मनातला तो सल निघाला असता, आणि त्या जागी जे गेलं असतं ते घेऊन कोणती आई जगली असती? माझी तर छाती झाली नाही.

"आई, भात टाक," मी म्हणाले. "एवढंच आहे."

त्या पडद्याकडे बघत राहिल्या. अक्षरं अजून सरकतच होती.

"लांबडं दिसतंय," त्या म्हणाल्या.

इंग्रजीत लिहिलं की लांब होतं, मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. मग घंटी का वाजली नाही, तेही विचारलंच. वायर सैल झाली होती, उंदरांनी ओढली असेल, म्हटलं. खोटं बोलायला लागलं की एकातून एक सुचत जातं.

मावशींनी हात धुतले, पदराला पुसले. मला वाटलं आता रडतील. पण त्या आत गेल्या, सुपातले तांदूळ धुतले आणि चुलीवर भात टाकला.

भात शिजेपर्यंत त्या दोन-तीनदा बाहेर येऊन डब्याकडे बघून गेल्या. डबा नेऊ नकोस, म्हणाल्या. लाईट जाऊन परत आली की हा पुन्हा वाजेल का, असं विचारलं. वाजेल, म्हटलं. मग राहू दे, म्हणाल्या. वाजला की तेवढंच बरं वाटेल. सरांना काय सांगायचं ते नंतर बघू, असं मी मनाशी म्हटलं.

राहू दे म्हणजे तो मेसेजही तिथेच राहणार. उद्या घरात कुणी इंग्रजी वाचणारं आलं, सहज पडद्याकडे बघितलं, मोठ्याने वाचलं, की संपलं. मी लॅपटॉपवरून मोडेमला मेसेज पुसायचा हुकूम टाईप केला. एका ओळीचा हुकूम, पण तो पाठवण्याआधी मी मेसेज पुन्हा एकदा वाचला. त्याने शेवटचं जे काही लिहिलं, ते हेच होतं. मी दाबलं. मोडेम लगेच म्हणालं, ओके. वायर उत्तम चालत होती.

मग माझ्याही नंबरावरून घंटी वाजेल एवढा बदल केला, डबा पुन्हा माळ्यावर नेऊन ठेवला, या वेळी वर झाकण दाबून, आणि तिथेच बसून माझ्या मोबाईलवरून मेसेज केला: आई, भात टाक. खाली घंटी वाजली. मावशी म्हणाल्या, वाजली गं, वाजली. त्याचा प्रश्न मी पुसला होता आणि माझं खोटं सिममध्ये जपून ठेवलं होतं.

भात, आमटी, वर तिखट. पानात टाकायचं नाही म्हणून पाण्याबरोबर गिळलं. निघताना त्यांनी करंडा आणून मला हळदकुंकू लावलं, मग डब्याच्या झाकणालाही लावू का, असं विचारलं. झाकणाला चालेल, मावशी, म्हटलं. कोरडं लावा.

एसटीला वेळ होता. त्या माझ्याबरोबर फाट्यापर्यंत आल्या आणि दगडावर टेकल्या.

"आज लई हलकं वाटलं बघ," त्या म्हणाल्या. "कळवलं हुतं पोरानं. पर बाय, कळवलं, तसं इचारायला नगं हुतं का? एका शब्दानं इचारलं असतं, तर म्या नगंच म्हनले असते. पयल्यापासून तसाच त्यो. आपल्याच मनाचा. कुनाला इचारायचं म्हनून न्हाई."

त्याने विचारलं होतं, मावशी. अर्धा तास थांबला होता. ते शब्द माझ्या ओठांवर आले आणि त्यांच्याकडे बघून मी ते परत गिळले. विराज तिथे असता तर भांडला असता माझ्याशी. त्याच्यावरचा आळ पुसणारी एकच ओळ होती, आणि ती मीच पुसून आले होते.

"हो," मी म्हणाले. "विचारायला पाहिजे होतं त्याने."

वळणावर एसटी दिसली. मावशी उठल्या, माझी पिशवी माझ्या हातात दिली आणि पुढच्या शनिवारी येणार असेन तर भोरहून कळव, म्हणाल्या. घंटी वाजली की भात टाकते.